हीटिंग अठरावर

नोव्हेंबर लागला की आमच्या घरात एकच भांडण असतं आणि ते घर किती तापवायचं हे ठरवणाऱ्या, हॉलमधल्या थर्मोस्टॅटपाशी होतं. मी काटा अठरा अंशांवर ठेवते, हे हळूच एकवीसवर नेतात. मी स्वयंपाकघरात भाजी परतत असले तरी तिकडची टिक मला ऐकू येते.

"अहो, स्वेटर घाला की."

"घातलाय."

"मग वरून शाल घ्या."

यांचं वय सत्याहत्तर, माझं बहात्तर. लग्न करून १९७९ साली लंडनला आले, तेव्हापासून हॅरोच्या आसपासच राहतोय. हे रेल्वेत सिग्नलच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीत सव्वीस वर्षं काढली. घराचे हप्ते कधीच फिटले. आम्ही गरीब नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून पुण्याची धाकटी जाऊ फोन करायची, "वहिनी, पैसे पाठवू का?" म्हणून. आणि तिने एकदा खरंच विचारलं होतं. त्या दिवशी मला हसावं की रडावं कळेना. त्रेचाळीस वर्षं पैसे इकडून तिकडे जात होते.

ते २०२२ चं वर्ष होतं. ऑगस्टच्या शेवटी बातमी आली की विजेचा आणि गॅसचा वर्षाचा सरासरी खर्च ऑक्टोबरपासून ३,५४९ पौंडांवर जाणार. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तो १,२७७ होता. मग सरकारने मध्ये पडून साधारण घरासाठी २,५०० वर रोखला आणि सहा महिने बिलातून सहासष्ट-सदुसष्ट पौंड वजा केले. ऑक्टोबरात महागाई ११.१ टक्क्यांवर गेली, एक्केचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. हे आकडे मला अजून पाठ आहेत. सगळं पाठ करायची सवय लायब्ररीतली नव्हे, आईची. ती दुधाच्या रतिबाचे भावसुद्धा सालासकट सांगायची.

कंपनीने दिलेला स्मार्ट मीटरचा छोटा डबा आम्ही तेव्हा ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला होता. वापर कमी असला की हिरवा, मध्यम असला की पिवळा आणि जास्त झाला की लाल. केटल लावली की लगेच लाल. शेजारच्या गुजराती बेन कोट घालूनच रोटल्या लाटायच्या. मी डाळ, भात, बटाटे एका कुकरात तीन डब्यांत लावायला लागले, जसं सांगलीला घरी लावायचो तसं. मध्ये चाळीस वर्षं ती सवय सुटली होती, इतकंच.

त्या हिवाळ्यातला एक दिवस मात्र मी कुणाला सांगितला नव्हता. ११ डिसेंबरला रविवारी रात्री लंडनमध्ये बर्फ पडला. सोमवारी सकाळी घरात चौदा अंश होते. हे त्या आठवड्यात लेकाकडे गेले होते. एकटीसाठी अख्खं घर तापवायचं जिवावर आलं. कोट चढवला, गुडघ्यांना दम दिला आणि बसने लायब्ररीत गेले. माझ्याच लायब्ररीत. बसचा पास साठीनंतर फुकट, हे इथलं सुख. मात्र लंडनचा म्हाताऱ्यांचा पास कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतो, त्यामुळे नऊ वाजता प्रत्येक स्टॉपवर आमच्या वयाची रांग लागलेली असते.

दारावर कागद लावला होता, 'वॉर्म स्पेस, सगळ्यांचं स्वागत'. त्या हिवाळ्यात देशभर कौन्सिलांनी लायब्रऱ्या अशा उघडून ठेवल्या होत्या, ज्यांना घर तापवणं परवडत नाही त्यांनी येऊन बसावं म्हणून. आत थर्मासमध्ये चहा, बिस्किटं, एका कोपऱ्यात जिगसॉ. मी नोकरीत असताना रेडिएटरजवळची खुर्ची कुणाची हे आम्हा सगळ्यांना माहीत असायचं. एक आयरिश म्हातारा रोज येऊन तिथे पेपर वाचायचा आणि अकराच्या सुमाराला झोपायचा. नियमाने झोपू द्यायचं नसे. मी पुस्तकांची ट्रॉली मुद्दाम त्याच्या शेजारून खडखडत न्यायची, म्हणजे तो आपोआप जागा व्हायचा आणि मला काही बोलावं लागायचं नाही. मला तेव्हा ते फार समजूतदारपणाचं वाटायचं.

त्या सोमवारी ती खुर्ची रिकामी होती. मी बसले. काउंटरवरची मुलगी नवीन होती, मला ओळखत नव्हती. तिने चहा आणून दिला आणि फार गोड आवाजात विचारलं, मला कुठल्या मदतीचा फॉर्म भरायचा आहे का. मी म्हटलं, नाही, पुस्तक शोधायला आलेय. आणि उठून खरंच एक पुस्तक घेतलं. कुठलं, ते आठवत नाही. घरी आल्यावर हीटिंग एकवीसवर केलं आणि दोन तास तसंच ठेवलं.

मंडळात, म्हणजे डॉलिस हिलच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात, या विषयाला तोटा नाही. हे मंडळ १९३२ चं. आमच्या पिढीचे लोक जमले की पहिला चहा संपेपर्यंत गुडघे, दुसऱ्या चहाला महागाई. प्रत्येकाचं एक साल ठरलेलं असतं आणि भाव तिथेच अडकलेले असतात. एक गृहस्थ अजून पौंडाचे सतराच धरतात. आम्ही आलो तेव्हा तो सतरा-अठरा रुपये होता खरा, २०२५ मध्ये मात्र एकशे अठराच्या आसपास गेला. त्यामुळे ते पुण्यातल्या दीडशे रुपयांच्या मिसळीला नऊ पौंड म्हणतात आणि हताश होतात. माझं साल मेथीचं आहे. वेंब्लीला ईलिंग रोडवर मी एका पौंडाला तीन जुड्या घेतलेल्या आहेत. आता एका जुडीला नव्वद पेनी द्यायचं माझ्या जिवावर येतं, आणि त्याच दुकानातून देवगडच्या हापूसची पेटी न बोलता उचलते. याला काय म्हणायचं?

तर, २०१८ साली हे म्हणाले, आता पुरे, कोथरूडचा फ्लॅट आहे, तिकडे जाऊ. त्या वर्षी माझी स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारची म्हातारपणची पेन्शन, सुरू झाली. मिळायची होती साठाव्या वर्षी, पण कायदा बदलत गेला आणि आम्ही १९५३ च्या बायका मध्ये सापडलो. मी कागद वाचायला बसले, आणि तिथे मला कळलं की भारतात राहायला गेलं तर ही पेन्शन गोठते.

गोठते म्हणजे बंद होत नाही. दर चार आठवड्यांनी येत राहते, पण ज्या आकड्यावर तुम्ही देश सोडता तोच आकडा शेवटपर्यंत. इथे दर एप्रिलला होते ती वाढ तिकडे मिळत नाही. नियम असा की ज्या देशाशी तसा करार आहे तिथेच वाढ. अमेरिकेत मिळते, फिलिपीन्समध्ये मिळते, जमैकात मिळते. भारतात नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथेही नाही, त्यामुळे याला रंगाचं कारण म्हणता येत नाही. असे गोठलेले लोक साडेचार लाखांच्या आसपास आहेत, त्यातले बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अॅनेट कार्सन यांची मूळ पेन्शन २००० साली आठवड्याला ६७.५० पौंडांवर गोठली. त्या स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापर्यंत गेल्या आणि २०१० साली हरल्या.

आमच्या समोरचं इंग्रज जोडपं निवृत्त होऊन स्पेनला गेलं. त्यांना दर एप्रिलची वाढ तिकडे उन्हात बसून मिळते, ब्रेक्झिटनंतरही. त्यांच्या नाताळच्या कार्डावर यंदाही तक्रार होती की स्पेनमध्ये कॉफी महागली.

मी हिशोब मांडला. पूर्ण आकडेच धरते, माझी पेन्शन कौन्सिलच्या नोकरीमुळे त्याहून थोडी कमी आहे. २०१८ मध्ये नवी पेन्शन (एप्रिल २०१६ पासून पेन्शनीत निघालेल्यांची, म्हणजे माझी) आठवड्याला १६४.३५ पौंड होती आणि यांची जुन्या पद्धतीची मूळ पेन्शन १२५.९५. २०२५ मध्ये त्याच २३०.२५ आणि १७६.४५ झाल्या, एप्रिल २०२६ पासून आणखी ४.८ टक्के वाढ ठरली. म्हणजे तेव्हा गेलो असतो तर २०२५ मध्ये दोघांचे मिळून वर्षाला सहा हजार पौंड कमी आले असते. सात लाख रुपये. हे म्हणाले, "पण माझी रेल्वेची पेन्शन तिकडेही वाढते, तुझी कौन्सिलचीही. आणि पुण्यात खर्च किती कमी!" तेही खरंच होतं. मी म्हटलं, आणि हॉस्पिटल? इथून मुक्काम हलवला की एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे फुकटचे उपचारही सुटतात. यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत.

मे २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाली. सामाजिक सुरक्षेचं कलम आहे असं ऐकून मंडळात जरा उत्साह पसरला. वाचलं तर ते काही वर्षांसाठी बदलीवर येणाऱ्या नोकरदारांनी दोन्ही देशांत वर्गणी भरू नये एवढ्यापुरतं. आमचं नाव त्यात नाही. मधल्या काळात म्हाताऱ्यांना हीटिंगसाठी सरकारकडून मिळणारे हिवाळ्याचे दोनशे पौंडही २०२४ मध्ये बहुतेक सगळ्यांचे गेले आणि आरडाओरड झाल्यावर २०२५ मध्ये बहुतेकांचे परत आले. ज्यांना त्या पैशांची गरज नाही तेच मंडळात सर्वांत मोठ्याने ओरडत होते, त्यात आमचे हेही होते.

मागच्या हिवाळ्यात प्रयोग म्हणून तीन महिने कोथरूडला राहिलो. खर्च कमीच येतो, हे मान्य करते. भाजी, रिक्षा, धुणंभांडी, सगळं. पण यांना मधेच न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटल, आणि घरी आल्यावर ब्युरोतून रात्रंदिवसाचा माणूस ठेवला, महिन्याला अठ्ठावीस हजार. तो मुलगा चांगला होता, नांदेडकडचा, यांना गरम पाण्याने अंग पुसून द्यायचा आणि बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचा. असा माणूस लंडनमध्ये ठेवायचा तर आमचं घर विकावं लागेल. मी जावेला म्हटलं, अठ्ठावीस हजार म्हणजे केवढे! ती म्हणाली, "तुमचं काय वहिनी, पौंडातले अडीचशे." आणि ती म्हणाली ते बरोबर होतं, तरी मला लागलं. आम्ही तिथे भाव विचारला की कंजूष, न विचारता दिले की परदेशाचा तोरा.

त्या आजारपणात रात्री जागताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मंडळात आम्ही गॅसच्या बिलाबद्दल इतकं बोलतो, कारण त्यावर बोलायला लाज वाटत नाही. "पडलो तर कोण उचलेल" असं कुणी चहाच्या टेबलावर म्हणत नाही, "केअर होमचे आठवड्याचे दर ऐकलेत का" असं म्हणतात. "तिकडे आता माझं कोण आहे" असं नाही म्हणत, "पुणंही काही स्वस्त राहिलं नाही" म्हणतात. मी स्वतः कितीतरी वर्षं यांना पेन्शनचे आकडे दाखवत राहिले. खरी गोष्ट ही की लेक आणि नातवंडं पाऊण तासावर आहेत आणि मला रविवार सोडवत नाही. हे यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी दर वेळी माझा हिशोब ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत तपासत.

तर यंदा पुन्हा जातोय, सहा जानेवारीला, आठ आठवड्यांसाठी. मुक्काम इथलाच, परतीचं तिकीट काढलेलं. आंबेमोहोर आणि मेतकूट यांची यादी यांनी केली आहे, औषधांची मी.

काल घराच्या विम्याचे कागद वाचत होते. घर तीस दिवसांहून जास्त रिकामं ठेवायचं तर आधी कळवावं लागतं, आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून हीटिंग कमीत कमी पंधरा अंशांवर चालू ठेवावं लागतं. म्हणजे आम्ही कोथरूडला पंखा लावून बसणार आणि इथे रिकामं घर पैसे जाळत राहणार. मी चिडून यांना ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं.

हे शाल सावरून म्हणाले, "घरात कोणी नसताना पंधरा, आणि आपण असताना अठरा. म्हणजे आपल्या दोघांची मिळून किंमत तीन डिग्री."

मी उठले आणि काटा एकोणीसवर केला.