खोली दिली, झोप दिली नाही

जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे मी चालवते त्या प्रकरणांत विमा, बियाणे आणि ठिबकचे साहित्य हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे चोपडा तालुक्यातील एक वयस्कर केळी बागायतदार आबा गोव्यातील एका पंचतारांकित रिसॉर्टविरुद्ध तक्रार घेऊन माझ्या कार्यालयात आले, तेव्हा विषय नवा होता आणि त्यांचे म्हणणे मात्र एका वाक्यात मावणारे होते. "ताई, रातभर झोप नही उनी," एवढेच सांगून त्यांनी बिलांची पिशवी टेबलावर ठेवली. नंतर वर्षभर चाललेल्या प्रकरणात मी आयोगासमोर जे काही मांडले, त्याचा गाभा हे एक वाक्यच होते.

जळगावहून गोव्यातील मोपा विमानतळासाठी 2024 मध्ये थेट विमान सुरू झाले आणि आपल्या भागातील अनेक कुटुंबांना गोवा एकदम जवळचा वाटू लागला. आबांच्या मुलांनीही आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने तीन रात्रींचे पॅकेज घेतले. रिसॉर्ट समुद्रकिनाऱ्यापासून दूर, शहराच्या उपनगरात होते, याबद्दल कुटुंबाची तक्रार नव्हती, कारण गर्दी टाळायची म्हणूनच त्यांनी ते निवडले होते. जाहिरातीत 'कुटुंबासाठी शांत मुक्काम' असे शब्द होते, जलतरण तलावाचे आणि खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र होते. कॅसिनोचा उल्लेखही होता, पण हॉटेलातील अनेक सोयींपैकी एक सोय म्हणून.

प्रत्यक्षात त्यांना मिळालेल्या दोन्ही खोल्या कॅसिनोच्या दालनाच्या थेट वर होत्या. संगीताचे ठोके जमिनीतून पहाटेपर्यंत जाणवत राहिले. खोल्या धूम्रपान वर्ज्य असलेल्या प्रकारात नोंदवल्या होत्या, तरी शेजारच्या खोल्यांतून धूर येत होता आणि आबांच्या पत्नी माईंना दम्याचा त्रास आहे. तलाव दुरुस्तीसाठी बंद होता, आणि ही गोष्ट पैसे घेताना कोणी सांगितली नव्हती. यापेक्षाही मला खटकली ती जेवणाची व्यवस्था. रात्री उघडे असणारे एकमेव उपाहारगृह कॅसिनोच्या दालनातून गेल्यावरच लागत होते, आणि गोव्यात 21 वर्षांखालील व्यक्तीला कॅसिनोत प्रवेश नाही. तो नियम योग्यच आहे, त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पहारेकऱ्याचाही काही दोष नाही. परंतु नातवंडांसह सहा माणसांना 'कौटुंबिक मुक्काम' विकायचा आणि मुलांना जेवायला जाण्यासाठी वाटच ठेवायची नाही, याला सेवेतील त्रुटी म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? मुलांनी तिन्ही रात्री खोलीत बसून जेवण केले आणि खोलीत ताट आणून देण्याचा वेगळा आकार बिलात लागला.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यातील कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तो दाद मागू शकतो. ही तरतूद किती मोलाची आहे, हे चोपड्याच्या माणसाने गोव्यात जाऊन तारखा करायच्या ठरवल्या तर किती खर्च येईल, याचा हिशेब मांडला की कळते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांच्या आत असल्यामुळे शुल्कही लागले नाही. आबांच्या थोरल्या सुनेने रात्री खोलीत केलेले चित्रीकरण, स्वागतकक्षाला पाठवलेले निरोप आणि त्यावर आलेली "उद्या बघतो" अशी उत्तरे जपून ठेवली होती. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रासह ते सर्व मी दाखल केले. आयोगापुढे पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर लावले जात नाहीत हे खरे, तरी समोर मोठे हॉटेल असताना कागदात फट ठेवू नये, असे माझे मत आहे.

अंतिम युक्तिवादाच्या दिवशी हॉटेलचे वकील गोव्याहून दूरदृश्य प्रणालीने हजर झाले. त्यांचा पहिला मुद्दा अपेक्षित होता: नोंदणीच्या अटींत 'वाद झाल्यास फक्त गोव्यातील न्यायालयांना अधिकार' असे छापलेले होते. कायद्याने दिलेला हक्क छापील ओळीने काढून घेता येत नाही, असे उत्तर मी दिले आणि अध्यक्षांनी त्यावर फार वेळ घालवला नाही. त्यानंतर हॉटेलचे वकील आवाजाकडे वळले. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी असली तरी बंदिस्त सभागृहांना सवलत आहे, आमचे दालन बंदिस्त आहे आणि कोणत्याही यंत्रणेने आमच्यावर कारवाई केलेली नाही, असे त्यांनी सांगितले. हा युक्तिवाद वरवर भक्कम होता. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला किंवा शेजारच्या सोसायटीला किती त्रास झाला, हा आमचा प्रश्नच नव्हता. हॉटेलने पैसे घेऊन 'शांत' खोली विकली होती आणि ती शांत नव्हती, एवढाच आमचा दावा होता. धुराच्या बाबतीत तर त्यांना फार बोलता आले नाही. धूम्रपानासाठी राखीव खोल्या वेगळ्या विभागात असाव्यात आणि त्यांचा धूर इतर भागात शिरू नये, असे 2008 चे नियम सांगतात, आणि इथे दोन्ही प्रकारच्या खोल्या एकाच ओळीत होत्या.

यानंतर वकिलांनी जे सांगितले, त्याने त्या दिवसाला वेगळे वळण मिळाले. आमचा मुख्य व्यवसाय मनोरंजनाचा आहे, मुक्काम ही त्याला जोडलेली सेवा आहे आणि येणाऱ्या पाहुण्याने याची जाणीव ठेवली पाहिजे, असे ते म्हणाले. हा मुद्दा येईल या अंदाजाने मी गोव्याच्या कायद्याची प्रत काढून ठेवली होती. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, 1976 मध्ये 1992 साली कलम 13अ घालण्यात आले. जुगारबंदीला अपवाद करून जमिनीवर यंत्रांवरचे खेळ चालवण्याची मुभा त्या कलमाने दिली, ती फक्त पंचतारांकित हॉटेलांमध्ये. पत्ते, रूलेट यांसारखे टेबलावरचे खेळ पुढे समुद्रातील जहाजांसाठी खुले झाले. याचा अर्थ असा की या रिसॉर्टमधील यंत्रे कायदेशीर ठरतात, ती तिथे पंचतारांकित हॉटेल आहे म्हणूनच. ज्या मुक्कामाच्या सोयीच्या आधारावर परवाना मिळतो, तीच सोय दुय्यम आहे असे परवानाधारकाला आयोगापुढे म्हणता येणार नाही, असे मी मांडले. आपल्या महाराष्ट्राने 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. मला तो निर्णय आवडला होता, आणि या प्रकरणानंतर अधिकच पटला.

शेवटी हॉटेलने कूपनांचा आधार घेतला. पॅकेजच्या किमतीचा बराच भाग खेळण्याच्या कूपनांच्या रूपाने पाहुण्यांना परत दिला, असे त्यांच्या शपथपत्रात होते. आबा माळकरी आहेत. पत्त्यालाही त्यांनी कधी हात लावलेला नाही. ती कूपने न फाडता तशीच बिलांच्या पिशवीत होती आणि मी ती मूळ स्वरूपात दाखल केली होती. अध्यक्षांनी ती हातात घेऊन पाहिली आणि हॉटेलच्या वकिलांना विचारले, "या कूपनांवर खोलीचे भाडे चुकते करता आले असते का?" ते नाही म्हणाले. "जेवण?" त्यालाही नाही. "न वापरल्यास रोख परतावा?" तोही नाही. मग पॅकेजच्या दरात ही रक्कम धरली होती की ती भेट होती, या प्रश्नावर वकिलांनी पक्षकाराकडून सूचना घेण्यासाठी वेळ मागितला. त्यांच्याच शपथपत्रात 'किमतीचा भाग' असे शब्द असल्यामुळे आयोगाने वेळ दिला नाही. आबा माझ्या मागच्या खुर्चीवर बसून हे सर्व ऐकत होते. त्यांना कलमे कळली नसतील, पण तीन सरळ प्रश्न आणि तीन नकार त्यांना नीट कळले.

आदेशात खोल्यांचे तिन्ही रात्रींचे भाडे, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मंजूर झाला. बिलात परस्पर लावलेला सेवा आकारही परत करावा लागला. हॉटेल किंवा उपाहारगृहाने असा आकार आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली, त्यामुळे या मुद्द्यावर वाद उरलाच नाही. हॉटेलने राज्य आयोगाकडे अपील केले नाही आणि रक्कम मुदतीत जमा केली.

माझे समाधान मात्र अर्धवटच राहिले. 'कुटुंबासाठी शांत मुक्काम' ही जाहिरात मागे घेण्याचा आदेश व्हावा, अशी आमची मागणी होती. ती आयोगाने मान्य केली नाही. तक्रार एका कुटुंबाची आहे आणि तिच्यापुरताच आदेश देणे योग्य, असे कारण त्यांनी नोंदवले. आबांना भाडे परत मिळाले, तरी तीच जाहिरात वाचून आपल्याकडची आणखी कुटुंबे तिथे लहान मुलांना घेऊन जाणार आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्धची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवता येते. आबांच्या संमतीने आदेशाची प्रत, जाहिरातीचे छायाचित्र आणि ती न वापरलेली कूपने जोडून मी ती प्राधिकरणाकडे पाठवली आहे, आणि तिचा पाठपुरावा चालू आहे.