लॅकावॅक्सनचं घर आणि डॉली

पेनसिल्व्हेनियातल्या लॅकावॅक्सनला लोक येतात ते मासे धरायला. आम्ही गेलो झेन ग्रेसाठी. काउबॉय, घोडे आणि ॲरिझोनाचं वाळवंट घराघरांत पोचवणारा हा लेखक १९०५ ते १९१८ या काळात इथे राहिला, डेलावेअर आणि लॅकावॅक्सन या नद्यांच्या संगमावर. जाताना जॉन रोब्लिंग या अभियंत्याचा १८४८ सालचा झुलता पूल लागला. मूळचा कालव्याचं पाणी नदीपलीकडे नेणारा हा पूल आज गाड्यांसाठी आहे. त्यावरून गाडी न्यायला मिळाली यातच माझी सकाळ सार्थकी लागली.

घराच्या काही खोल्यांचं आता संग्रहालय केलंय. गर्दी अजिबात नव्हती आणि तिथल्या बाई मनापासून माहिती सांगत होत्या. ग्रे मूळचा दातांचा डॉक्टर. न्यूयॉर्कमधला दवाखाना सोडून तो लिहायला इथे आला. हातांच्या खुर्चीत बसायचं, तिच्या हातांवर आडवी फळी टाकायची आणि पेन्सिलीने पानंच्या पानं लिहीत सुटायचं, ही त्याची पद्धत. त्या खुर्चीपाशी मी बराच वेळ रेंगाळले.

पण मला तिथून हलू दिलं नाही ते त्याच्या बायकोने, डॉलीने. त्याची ती खरड वाचून, व्याकरण सुधारून, स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची ती. प्रकाशकांशी व्यवहार तिचा, पैशांचा हिशेब तिचा. १९०७ साली तो अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेला, ज्या प्रवासातून पुढचं सगळं लेखन उभं राहिलं, त्यालाही तिला वारशाने मिळालेले पैसे लागले. १९१२ च्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' या कादंबरीने तो घरोघरी पोचला. मग तो न्यूझीलंड, ताहितीपर्यंत मासेमारी करत हिंडला, बरोबर इतर मैत्रिणी असायच्या. डॉलीला हे ठाऊक होतं. तरी मुलं, घर आणि हस्तलिखितं तिने सांभाळली. १९३९ साली तो गेला, त्यानंतरही कितीतरी वर्षं त्याची नवी पुस्तकं येत राहिली.

हे ऐकताना मला राग येत होता, आणि कौतुकही वाटत होतं. तिने हे सगळं का सोसलं, असं विचारणं सोपं आहे. पण त्यांची पत्रं वाचली तर ही बाई बिचारी मुळीच वाटत नाही. ती त्याला खडसावते, धीर देते, कामाला लावते. नव्वदच्या आसपास पुस्तकं एका माणसाच्या हातून झाली असं आता मला म्हणवत नाही.

जवळच्या दफनभूमीत दोघांच्या अस्थी शेजारी शेजारी आहेत. तिथे आम्ही पाच मिनिटं थांबलो, मग पाऊस आला.

निघण्याआधी मात्र संग्रहालयातल्या त्या बाईंना सांगून आले होते, की बाहेरच्या पाटीवर डॉलीचंही नाव घाला.