फोर्ट ते कुलाबा, कॅथलिकच्या शोधात

रविवारी सकाळी फोर्टात शुकशुकाट असतो म्हणून मुद्दाम तेव्हाच गेलो, हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल बघायला. १७१८ साली सुरू झालेलं हे चर्च, किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे यायचे तो चर्चगेट, पण चर्चगेटला रोज उतरणाऱ्यांना विचारा हे चर्च कुठंय, निम्मे तरी गोंधळतील. आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं, कंपनीचे साहेब, कॅप्टन, त्यातले कितीतरी ऐन तिशीत गेलेले. मुंबईची हवा मानवली नाही बिचाऱ्यांना.

प्रार्थना चालू होती, मागच्या बाकावर बसलो. चर्च प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणाऱ्यांचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, आणि सगळे उभे राहून म्हणतायत काय, तर आमची श्रद्धा एका पवित्र 'कॅथलिक' चर्चवर! शेजारच्या आजोबांना बाहेर आल्यावर विचारलंच. ते हसले, म्हणाले, "अरे, तो शब्द काय पोपचा एकट्याचा आहे का?"

खरंय. मूळ ग्रीक 'काथोलिकोस', म्हणजे सर्वांचं, अख्ख्याला धरून असलेलं. अगदी साधा रोजच्या वापरातला शब्द होता तो. अँटिओकचे बिशप इग्नेशियस, यांना पकडून रोमला नेत होते मरणाची शिक्षा द्यायला, तेव्हा वाटेत स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरच्या मंडळींना त्यांनी पत्र लिहिलं, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, त्यात चर्चसाठी हा शब्द पहिल्यांदा सापडतो. पुढे ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत तो श्रद्धेच्या कबुलीत, म्हणजे सगळे उभे राहून म्हणत होते त्यातच, पक्का झाला. तेव्हा ना प्रोटेस्टंट होते ना काही. १५१७ नंतर ल्यूथरवाले, म्हणजे पहिले प्रोटेस्टंट, वेगळे झाले पण ती कबुली बरोबर घेऊन गेले, आणि इंग्रजांनी पोपवाल्यांना वेगळं ओळखायला 'रोमन' चिकटवलं. मला तर हे रोमन कॅथलिक जरा विचित्रच वाटतं, सर्वांचं आणि वर एका शहराचं.

तिथून चालत काळा घोडा, रीगल, मग कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल, हे पोपवाल्यांचं, मुंबई आर्चडायोसीसचं, म्हणजे इथल्या आर्चबिशपच्या धर्मप्रांताचं मुख्य चर्च. मासला, म्हणजे तिथल्या उपासनेला आलेल्या एका काकूंनी तर 'रोमन'चीही हवा काढली, त्यांची सून केरळची, सिरो-मलबार चर्चची, कल्याणला त्या चर्चचा १९८८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, पोपला मानतात पण उपासना रोमन पद्धतीची नाही, पूर्वेच्या सिरियन परंपरेतली. म्हणजे रोमन नसलेले पक्के कॅथलिक, तेही आपल्या सेंट्रल लाइनवर! पुढचा रविवार कल्याणचा, फक्त मेगाब्लॉक नसू दे.