लाफोंतेनची पडलेली निवडणूक

जुन्या कॅनडाच्या राजकारणातला आवडता माणूस कोण असं कुणी विचारलं तर मी फ्रेंच नेता लुई-इपोलित लाफोंतेनचं नाव घेईन, आणि त्याचं कारण म्हणजे 1841 ची एक निवडणूक जी तो हरला.

झालं काय, 1837-38 चं बंड मोडून काढल्यावर इंग्रजांनी वरचा आणि खालचा कॅनडा एकत्र केला. खालच्यात, म्हणजे आजच्या क्विबेकमध्ये, साडेसहा लाखांच्या आसपास लोक, वरच्यात, म्हणजे आजच्या ओंटारियोत, साडेचार लाख, तरी सीटा दोघांना 42-42. वरच्याचं कर्ज दोघांच्या डोक्यावर आणि संसदेची कागदपत्रं फक्त इंग्रजीत! फ्रेंच लोकांना गिळायचा सरळसरळ डाव. बरेच फ्रेंच नेते म्हणत होते हे एकत्रीकरणच रद्द करा, लाफोंतेन म्हणाला नाही, आत जाऊ आणि वरच्या सुधारणावाल्यांना सोबत घेऊन सत्ता आपल्याकडे ओढू.

तेरबॉन त्याचा हक्काचा मतदारसंघ. तर गव्हर्नर सिडनहॅमने मतदान केंद्रच नेलं एका टोकाला, न्यू ग्लासगो नावाच्या इंग्रजी वस्तीत. तेव्हा गुप्त मतदान वगैरे काही नाही, चारचौघांत उभं राहून उमेदवाराचं नाव सांगायचं, आणि इथे दंडुके घेऊन माणसं आधीच वाट अडवून बसलेली. लाफोंतेनचे लोकही काही हात हलवत आले नव्हते म्हणा, पण मुडदे पडतील हे बघून त्यानेच माघार घेतली.

आणि मग वरच्या सुधारणावाल्यांचा नेता, टोरोंटोचा रॉबर्ट बाल्डविन पुढे आला. तो दोन जागांवर जिंकला होता, त्यातली यॉर्कची एक जागा त्याने लाफोंतेनला दिली आणि तिथल्या इंग्रज प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी सप्टेंबरमध्ये या फ्रेंच कॅथलिक माणसाला निवडूनही दिलं, आजही कुठे सहज होईल असं वाटत नाही! पुढे बाल्डविन पडला तेव्हा 1843 मध्ये रिमूस्कीच्या फ्रेंच मतदारांनी परतफेड केली, आणि या गड्याला फ्रेंच धड येत नव्हतं. मुलांना मात्र शिकायला क्विबेकला पाठवलं त्याने.

1842 मध्ये किंग्स्टनच्या संसदेत लाफोंतेन फ्रेंचमध्ये बोलायला उभा राहिला, कुणीतरी म्हणालं इंग्रजीत बोला, तर म्हणाला मला इंग्रजी फ्रेंचइतकं येत असतं तरी पहिलं भाषण फ्रेंचमध्येच केलं असतं. पुढचा गव्हर्नर मेटकाफ (हो, आपल्या दिल्लीत रेसिडेंट होता तोच) नेमणुका मंत्र्यांना न विचारता करायला लागला, तर तेव्हा मंत्री असलेल्या लाफोंतेन आणि बाल्डविन दोघांनी सरळ राजीनामे दिले.

1848 ला परत आले, या वेळी खऱ्या सत्तेसकट. पुढच्या वर्षी बंडात नुकसान झालेल्यांना भरपाईचं बिल आलं, लॉर्ड एल्गिनने 25 एप्रिलला सही केली आणि मॉन्ट्रियलच्या इंग्रज टोरींनी (म्हणजे सुधारणावाल्यांच्या विरोधातल्या पुराणमतवाद्यांनी) त्याच्या गाडीवर अंडी फेकली, रात्री संसदच जाळली, ग्रंथालयातली हजारो पुस्तकं गेली. लाफोंतेनच्या घराचीही मोडतोड केली. एल्गिन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला आणि धर्मशाळेत वारला.

लाफोंतेन तसा स्वभावाने जुन्या वळणाचा, जमीनदारी मोडायला तो कचरायचा म्हणून पक्षातली तरुण पोरं वैतागली होती. 1851 च्या जूनमध्ये बाल्डविनने राजीनामा दिला, काही महिन्यांनी यानेही. वय जेमतेम 44. दोन वर्षांनी चीफ जस्टिस झाला.