नऊ नंबरच्या पोराचं दुसरं वर्ष

आमच्या वर्कशॉपमधला बॉयलरमेकर फ्रीमँटल या फुटी क्लबाचा पाठीराखा. डंपर चालवणारी एक बाई जन्मापासून वेस्ट कोस्ट ईगल्स या पर्थच्या दुसऱ्या क्लबाची, तिच्या आईवडलांपासूनची. आणि मी चाळिशीत पर्थला येऊन ईगल्सच्या नादी लागलेला. दोन आठवडे पिल्बारातल्या खाणीवर, एक आठवडा घरी, असं आमचं चक्र. रात्रपाळीला क्रिब रूममध्ये, म्हणजे खाणीवरच्या जेवणाच्या खोलीत, डबे उघडले की २०२५चा अख्खा हिवाळा विषय एकच होता: हार्ली रीड. बेल्ट बंद पडला, क्रशर अडला, तरी त्याच्यावर एवढी चर्चा होत नसे.

ज्यांना ऑस्ट्रेलिया फक्त क्रिकेटमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथली फुटी म्हणजे फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर अठरा-अठरा जण खेळतात, लांबट चेंडू लाथेनं किंवा मुठीनं पुढे ढकलतात. मधल्या दोन खांबांमधून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. लीगमध्ये अठरा क्लब आहेत. नव्या पोरांची निवड दर नोव्हेंबरात ड्राफ्टमध्ये होते आणि तळाला राहिलेल्या क्लबाला पहिली निवड मिळते. २०२३मध्ये ईगल्स तळाला होते. त्यांनी पहिल्याच क्रमांकावर उचलला तो हार्ली रीड, व्हिक्टोरियाच्या उत्तरेकडच्या टोंगाला नावाच्या दूधदुभत्याच्या लहानशा गावचा. वय अठरा. ती पहिली निवड आपल्या पदरात पडावी म्हणून दुसऱ्या क्लबांनी बरेच दिवस गळ टाकून पाहिले, पण ईगल्सनी सोडली नाही.

पहिलं वर्ष तर सणासारखं गेलं. तो चेंडू घेऊन निघाला आणि कुणी अंगावर आलं की मोकळा हात त्याच्या छातीवर ठेवायचा आणि बाजूला सारायचा. समोरचा दहा वर्षं खेळलेला असो, तरी. २०२४चा सर्वोत्तम गोलही त्याचाच ठरला. ऑप्टस स्टेडियममध्ये त्याच्याकडे चेंडू गेला की लोक आधी उठायचे आणि मग बघायचे काय झालं ते. एका टॅकलवरून दोन सामन्यांची बंदी आली, आणि बंदी आलेल्याला रायझिंग स्टार हा नवोदितांचा पुरस्कार मिळत नाही, त्यामुळे तो हुकला. क्रिब रूममध्ये त्याचंही कुणाला फार वाईट वाटलं नाही. आमच्याकडे रीडची नऊ नंबरची जर्सी आली ती तेव्हाच. माझी मुलगी अकरावीत आहे, स्वतः मुलींच्या टीममध्ये खेळते. ती जर्सी धुवायला टाकायची म्हटलं तरी वाद व्हायचा.

मग आलं दुसरं वर्ष. २३ सामने, विजय एक. मे महिन्यात घरच्या मैदानावर सेंट किल्डाला हरवलं, तेवढंच. बाकी बावीस वेळा हार. आणि सगळ्यांचं बोट वीस वर्षांच्या एका पोराकडे.

बॉयलरमेकरचं म्हणणं सरळ होतं. पोराला डोक्यावर बसवून ठेवलंय. कमरेवर हात ठेवून उभा असतो. चेंडू हातात असला की वाघ, नसला की प्रेक्षक. आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य: ‘‘निक डेकॉसचं दुसरं वर्ष बघ.’’

हे डेकॉसचं नाव आलं की मला राहवत नाही. डेकॉस कॉलिंगवुड क्लबाचा. पहिल्या वर्षी, २०२२ला, रायझिंग स्टार झाला, आणि दुसऱ्या वर्षी क्लबानं अख्खी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली. कबूल, पोरगा अद्भुत आहे. पण पहिल्या वर्षी तो मुख्यतः हाफ-बॅकला, म्हणजे बचावाच्या फळीत, खेळला. तिथे चेंडू समोरून येतो, मैदान डोळ्यांपुढे उलगडलेलं असतं, विचार करायला एखादा क्षण जास्त मिळतो. दुसऱ्या वर्षी मधे गेला तेव्हा शेजारी कोण? पेंडलबरी आणि साइडबॉटम. या दोघांनी जेवढे सामने खेळलेत तेवढे आमच्या काही पोरांनी टीव्हीवरही पाहिले नसतील.

रीडला पहिल्या दिवसापासून सेंटर बाउन्सला उभं केलं. मैदानाच्या मधल्या चौकोनात दोन्ही बाजूंचे चार-चार जण, मधे चेंडू (२०२५पर्यंत) आपटला जायचा, दोन उंच रकमन उड्या मारतात, आणि खाली उरलेले सहा जण तो चेंडू पकडायला एकमेकांच्या अंगावर. तिथे एकटा कितीही दांडगा असला तरी उपयोग काय? तुमच्या रकमननं चेंडू तुमच्या हाताजवळ टाकायला लागतो, दुसऱ्यानं अंग मधे घालून वाट मोकळी करायला लागते, तिसऱ्यानं बाहेर थांबायला लागतं. २०२५ला ही माणसं होती कुठे? एलियट यो वर्षभर घोट्यामुळे बाहेर. डॉम शीड, ज्यानं २०१८च्या फायनलला बाउंड्रीजवळून शेवटच्या मिनिटांत गोल मारून आम्हाला पाच गुणांनी कप मिळवून दिला, त्याचा गुडघा मोसम सुरू व्हायच्या आतच गेला. मागच्या फळीतला टॉम बॅरस आदल्याच वर्षी हॉथॉर्नला निघून गेला होता. जेरेमी मॅकगव्हर्नला डोक्यावर वारंवार मार बसल्यामुळे मोसमाच्या मध्यातच निवृत्त व्हावं लागलं. समोरच्या टीमला एवढंच ठरवायचं होतं की रीडच्या अंगाला कोण चिकटणार. बाकी कुणाला चिकटायची गरजच नव्हती.

शिवाय त्याचा तो हात आता सगळ्यांना पाठ झाला होता. पहिल्या वर्षी लोक छातीनं समोर यायचे आणि मागे ढकलले जायचे. दुसऱ्या वर्षी खालून, कंबरेला येऊ लागले, आणि एक आला की पाठोपाठ दुसरा. प्रशिक्षकही बदललेला. अॅडम सिम्पसन २०२४च्या जुलैत गेला, २०२५ला अँड्र्यू मॅकक्वाल्टर आला. म्हणजे कुठे उभं राहायचं, कधी सुटायचं, हे पुन्हा पहिल्यापासून. इथे त्याला सेकंड-इयर ब्लूज म्हणून मोकळे होतात, जणू काही गोवर-कांजिण्या आहेत, येतात आणि जातात.

एवढं सगळं मी रात्री दीड वाजता पोळीचा तुकडा हातात धरून सांगितलं. बॉयलरमेकर म्हणाला, ‘‘मग कमरेवर हात का?’’

डंपरवाल्या बाईचं दुखणं वेगळं. तिला खेळाशी देणंघेणंच नव्हतं, सहीशी होतं. ईगल्सच्या माणसाला समजून घ्यायचं तर ख्रिस जड माहीत असायला हवा. तोही व्हिक्टोरियाचाच, तिसऱ्या क्रमांकावर ड्राफ्ट झालेला. २००४ला ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, २००६ला कर्णधार म्हणून प्रीमियरशिप, आणि २००७चा मोसम संपला तसा घरी, मेलबर्नच्या कार्ल्टन क्लबाला. ही गोष्ट ती अशी सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं जड तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडून गेला. त्यामुळे टोंगालाचं पोरगं आलं त्या दिवसापासून ती एकच मोजतेय: हा कधी जाणार. वर्षभर पेपरात कोट्यवधी डॉलरच्या आणि दहा-दहा वर्षांच्या करारांचे आकडे येत होते. शेवटी त्यानं दोन वर्षं वाढवली, २०२८पर्यंत. ‘‘फक्त दोन,’’ ती म्हणाली. दोन वर्षांची सही झाली याचा आनंद तिनं एक चहा संपेपर्यंतही टिकवला नाही.

तिच्याशी मी जडवरूनच वाद घातला. जडचं दुसरं वर्ष म्हणजे २००३. तेव्हा त्याच्या एका बाजूला बेन कझिन्स होता आणि दुसऱ्या बाजूला डॅनियल कर. तो टॅग झाला, म्हणजे समोरचा एकजण त्यालाच चिकटला, तर कझिन्स सुटायचा, कझिन्सवर दोघं गेले तर कर. आज नऊ नंबर रीडच्या पाठीवर आहे, तो एके काळी कझिन्सच्या पाठीवर होता. बाईला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिनं ते सामने सुबियाकोच्या जुन्या मैदानात बसून पाहिलेत. म्हणूनच ती चिडली. म्हणाली, ‘‘तेव्हा क्लब चांगला होता, तरी जड गेला. आता तर क्लबही चांगला नाही.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२२ला दोन विजय, २०२३ला तीन, २०२४ला पाच, २०२५ला एक. ऑस्कर अॅलन, स्वतः सहकर्णधार, मोसम संपल्यावर ब्रिस्बेनला गेला. तो तर पर्थमध्येच वाढलेला. मग ‘घरची ओढ’ हे कारण नेमकं कुणाला लागू पडतं?

त्या ओढीचा मात्र मला थोडा अंदाज आहे. पूर्वेकडच्या प्रत्येक सामन्यासाठी पर्थहून मेलबर्नला चार तासांचं विमान. परत आल्यावर दोन दिवस झोपेचं गणित जुळत नाही. आम्ही खाणवाले दर रोस्टरला तेच करतो, तेही आमच्या वयात, आणि वर कुणी आम्हाला हूटिंग करत नाही. विसाव्या वर्षी, आईवडील पलीकडच्या किनाऱ्याला, दर आठवड्याला हरायचं आणि दर आठवड्याला कॅमेरा आपल्याच तोंडावर. जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१चा पहिल्या क्रमांकाचा. नॉर्थ मेलबर्नला एकच वर्ष काढून तो साउथ ऑस्ट्रेलियाला, घरी, पोर्ट अॅडलेडला गेला. लोकांनी त्याची केवढी हुर्यो उडवली. पण खेळ सुधारला तो तिथे गेल्यावरच.

एक गंमत सांगतो. रीडच्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर झेन ड्युर्समा नावाचा पोरगा नॉर्थ मेलबर्नला गेला. त्याचंही दुसरं वर्ष अडखळतच गेलं. आमच्या क्रिब रूममध्ये त्याच्यावर कुणी एक मिनिट खर्च केलं नाही. चौथ्या क्रमांकाचा पोरगा अडखळला तर ‘वेळ द्या’, पहिल्याचा अडखळला तर ‘फसवणूक’. आणि आता २०२५च्या ड्राफ्टमध्ये पुन्हा पहिली निवड ईगल्सचीच, आणि त्यांनी उचलला तो विलेम ड्युर्समा, झेनचा धाकटा भाऊ. हाही व्हिक्टोरियाचा. बाईंनी ही बातमी ऐकून फक्त डोळे मिटले.

माझं मत सांगायचं तर लोक रीडचा हिशोब त्याच्या किमतीवरून करत होते, खेळावरून नाही. किती डिस्पोझल (चेंडू किती वेळा पुढे दिला), किती गोल, किती लाखांचा करार. तेवीसातले बावीस सामने हरणाऱ्या टीमच्या मिडफिल्डरचे आकडे सुंदर दिसतील ही अपेक्षाच मुळात चुकीची. त्यानं चेंडू पुढे मारला तरी तो झेलायला पुढे कुणी टिकत नव्हतं, आणि आला तसा परत यायचा.

पण त्याच्यावर खरा आरोप कुणी ठेवला असेल तर माझ्या मुलीनं. नऊ नंबरची जर्सी घालून, ऑप्टसमध्ये माझ्या शेजारी बसून. तिसऱ्या क्वार्टरला ती म्हणाली, ‘‘बाबा, चेंडू बघू नकोस. चेंडू गेल्यावर तो काय करतो ते बघ.’’ मी बघितलं. आपल्याकडून चेंडू सुटला, समोरच्याच्या हातात गेला, तो धावत निघाला, आणि रीड त्याच्या मागे दहा-बारा पावलं जाऊन चालू लागला. एकदा नाही. शेवटच्या क्वार्टरला तर वरचेवर. त्याचा माणूस मोकळा, पुढे एकाला दोन, आणि गोल. ती म्हणाली, ‘‘आमच्या कोचनं मला यासाठी बेंचवर बसवलं असतं.’’

मी तिला यो, शीड, मॅकगव्हर्न असं सगळं सुनावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बाबा, मागे धावायला यो कशाला लागतो?’’

आता हे बॉयलरमेकरच्याच बाजूचं वाक्य झालं, पण फरक आहे. तो म्हणतो पोराची लायकी नाही. ती म्हणते पोराचा दम कमी आहे आणि दम वाढवता येतो. पुढे झेपावायची ताकद त्याच्यात उपजत आहे, पण दोन तास दोन्ही दिशांना धावायची ताकद उन्हाळ्यातल्या सरावात पैदा करावी लागते, आणि हा हिशोब कुठल्याही कप्तान-प्रशिक्षकाचा नाही, त्याच्या स्वतःच्या पायांचा आहे. या एका मुद्द्यावर मी त्याची बाजू घेत नाही. बाकीच्या दहा मुद्द्यांवर घेईन, रात्री दीड वाजताही घेईन.

तिसऱ्या वर्षासाठी बॉयलरमेकरनं माझ्याशी बिअरच्या कार्टनची पैज मांडली आहे. त्याचं म्हणणं, पैज ब्राउनलोच्या मतांवर लावू. मी म्हटलं नाही, चौथ्या क्वार्टरला तो किती वेळा मागे धावतो त्यावर लावू. ते मोजणार कोण, असं तो विचारतो. मी मुलीचं नाव सुचवलं. त्याला ते मान्य नाही, म्हणे ती फार कडक आहे.