कपोसी सार्कोमा: बायोप्सीपासून केमोपर्यंत माझा अनुभव

कपोसी सार्कोमा हा एचआयव्हीत प्रतिकारशक्ती घटली की होऊ शकणारा कॅन्सर. त्याचे पावलावरचे जांभळट डाग ना दुखतात, ना खाजतात, दाबले तरी फिके पडत नाहीत. घात तिथेच होतो. आधी गजकर्णाचं मलम चोळलं जातं, मग मेडिकलवाला स्टेरॉइडची ट्यूब देतो. स्टेरॉइडने, विशेषतः गोळ्या-इंजेक्शनांनी, हा आजार भडकतो. एचआयव्ही असल्याचं स्किनच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. त्याशिवाय त्यांचं लक्ष तिकडे जाणं कठीण. तोंडातली टाळूही तपासून घ्या, तिथला डाग स्वतःला दिसत नाही.

बायोप्सी किरकोळ असते. भुलीचं इंजेक्शन देऊन ३-४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात. डागात रक्तवाहिन्यांचंच जाळं असतं, त्यामुळे रक्त येतं. जागा बराच वेळ दाबून धरावी लागते. लॅबच्या कागदावर एचएचव्ही-८ ची, म्हणजे या कॅन्सरमागच्या विषाणूची, तपासणी लिहिली आहे ना, हे विचारून घ्या. आपल्याकडे हा कॅन्सर कमीच दिसतो, आणि बॅसिलरी अँजिओमॅटोसिस हा जिवाणूसंसर्ग जवळजवळ असाच दिसतो. तो डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने बरा होतो, केमोची गरजच नसते!

खरा पाया एआरटीचा, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्यांचा. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. त्यात डोल्युटेग्राविर असेल तर ती अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. प्रतिकारशक्ती सावरू लागली की पहिल्या काही आठवड्यांत डाग अचानक सुजू शकतात. घाबरून गोळ्या मात्र बंद करू नयेत. धाप लागली, थुंकीत रक्त आलं किंवा शौच काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

थोडे डाग नुसत्या एआरटीनेही ओसरतात. पायावर सूज असेल किंवा फुफ्फुसात, आतड्यात पसरलं असेल तर केमो लागते. माझ्या वाट्याला लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध आलं: शरीराच्या दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हृदयाचा इको. औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, सलाईनमध्ये नाही. पहिली बाटली हळू सोडतात. सुरुवातीलाच चेहरा तापला, पाठ भरली, छाती आवळली तर लगेच सिस्टरना हाक मारायची. बाटली थांबवली की बहुतेकदा ते ओसरतं. लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. तळवे जपायचे: कढत पाणी नको, घट्ट चप्पल नको. ताप १००.४ वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन पडून राहू नये.

डाग सपाट झाला, सूज उतरली की औषध लागू पडलं समजायचं. तपकिरी खूण पुढे कित्येक महिने राहते. तिच्यासाठी वेगळं मलम लागत नाही.