वडा तलावापलीकडची धार

आषाढीला मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो, त्याच्यामागे चालायचं आणि श्रावणात पावागडच्या डोंगरावर कालिकामातेला पायी जायचं, अशी आम्हा बडोदेकरांच्या घरची वारी. यंदा दांडिया बाजारातून आम्ही चौदा जणं निघालो. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस.

जरोदच्या पुढे पाऊस लागला तो हालोलपर्यंत सुटला नाही. टाळ प्लास्टिकच्या पिशवीत, चपला हातात. रस्त्याकडेच्या मंडपात कुणी "जय माताजी" म्हणत चहा दिला, आम्ही "राम कृष्ण हरी" म्हणून घेतला.

१४८४ साली गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं गड घेतला आणि पायथ्याशी चांपानेरला राजधानी केली. २००४ पासून हा जागतिक वारसा आहे. दर वर्षी आम्ही त्या कोटातून घाईघाईनं माचीकडे चढू लागतो. यंदा काका म्हणाले, "आधी वडा तलाव. पाय धुऊन मग आईकडे."

रस्त्याकडेला उभे राहिलो तेवढ्यात ढग उचलले. तलावापलीकडे सुमारे ८०० मीटर उंचीचा पावागड ओला, काळाभोर. खुणिया महादेवाच्या अंगानं पांढरी धार. एवढ्या लांबून आवाज येत नाही, त्यामुळे ती पडतेय असं वाटतच नाही. कड्याला टांगलेली दिसते. टक लावून पाहिलं की मग हळूच सरकायला लागते. चैत्रात आलो होतो तेव्हा त्या जागी कातळावर नुसता डाग होता.

आत्यानं डोक्यावर पदर घेतला. "आपली विश्वामित्री इथलीच ना गं?"

"याच डोंगरातली, आत्या."

२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात हीच नदी आत्याच्या घरात कमरेएवढी शिरली होती. देव्हारा, शिलाई मशीन, आजोबांची पेटी, सगळं चिखलात. तीन दिवस ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर होती. पेटीचा भाता सुकवायला तिनं पंख्याखाली ठेवला होता, तो फाटलाच. तेव्हापासून तिच्या तोंडी नदीचं नाव नव्हतं.

आता ती काठाशी उतरली, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. बराच वेळ त्या धारेकडे पाहत राहिली.

"माहेरी किती शांत असते गं ही," म्हणाली.

काकांनी पिशवीतून टाळ काढले. माचीच्या चढावर आत्या प्रत्येक वळणाला थांबून तलावाकडे पाहत होती, आणि आम्हीही तिच्यासाठी थांबत होतो.